अठरा सह्यांची कविता

१७७३ सालच्या सप्टेंबरात लंडनमध्ये एक छोटेखानी कवितासंग्रह निघाला. कवयित्रीचं नाव फिलिस व्हीटली. वय वीसच्या आसपास. नेमकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण १७६१ साली तिला बॉस्टनच्या बंदरात उतरवलं तेव्हा पुढचे दुधाचे दात पडलेले दिसले आणि त्यावरून पोर सात-आठ वर्षांची असावी असा अंदाज बांधला गेला. पश्चिम आफ्रिकेतून तिला ज्या जहाजानं आणलं त्याचं नाव ‘फिलिस’, आणि ज्यानं विकत घेतलं त्याचं आडनाव व्हीटली. म्हणजे नाव जहाजाचं, आडनाव मालकाचं.

या संग्रहात कविता सुरू होण्याआधी एक जाहीर निवेदन आहे. खाली बॉस्टनमधल्या अठरा प्रतिष्ठितांची नावं. पहिलं मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन याचं, पुढे जॉन हॅनकॉकचं. तीनच वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ठळक सही करणारा हाच तो. निवेदनाचा मथितार्थ एवढाच, की पुढच्या कविता या गुलाम मुलीनंच लिहिल्या आहेत अशी आमची खात्री आहे, जाणकारांनी तिची परीक्षा घेतली आहे. अठराही जण एका दालनात गोल करून बसले आणि त्यांनी तिला लॅटिनचे प्रश्न विचारले, असं चित्र पुढे रंगवलं गेलं. तशी बैठक झाल्याची नोंद मात्र नाही. सह्या तेवढ्या आहेत. बॉस्टनमध्ये पुस्तकाला पुरेसे वर्गणीदार मिळेनात म्हणून ते लंडनला छापावं लागलं, आणि पुढे थॉमस जेफर्सननं या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहीत असं लिहून ठेवलं.

अमेरिकन साहित्य महाविद्यालयात शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी, यावर तिथल्या प्राध्यापकांत वाद पुष्कळ. कोणी प्युरिटन प्रवचनांपासून करतो, कोणी कोलंबसच्या पत्रापासून, कोणी मूळ रहिवाशांच्या उत्पत्तिकथांपासून. मला विचाराल तर त्या अठरा सह्यांच्या पानापासून करावी. हे खरंच तिनं लिहिलंय का, आणि लिहिलं असलं तरी याला साहित्य म्हणायचं का, हे दोन प्रश्न पुढची अडीचशे वर्षं या साहित्याच्या मागे लागलेले आहेत. त्यातला दुसरा प्रश्न मराठी वाचकाला काही नवा नाही.

गंमत अशी, की खुद्द अमेरिकन महाविद्यालयांना आपलं साहित्य शिकवण्याजोगं वाटायला विसावं शतक उजाडावं लागलं. १८२० साली सिडनी स्मिथ या इंग्रज लेखकानं ‘एडिंबरो रिव्ह्यू’त, जगाच्या चारही कोपऱ्यांत अमेरिकन पुस्तक वाचतो कोण, असा खवचट सवाल टाकला होता. १८३७ साली हार्वर्डमध्ये इमर्सननं विद्वानांना युरोपची शिकवणी सोडायला सांगितलं. सगळ्यांनी भाषणाची वाहवा केली आणि वर्गात ग्रीक-लॅटिन चालूच राहिलं. पुढे इंग्रजी आलं तेव्हा तेही चॉसर-शेक्सपिअरचं. या विषयाला वाहिलेलं ‘अमेरिकन लिटरेचर’ हे नियतकालिक ड्यूक विद्यापीठातून निघालं ते १९२९ मध्ये. एफ. ओ. मॅथिसनचा ‘अमेरिकन रेनेसान्स’ हा ग्रंथ १९४१ चा. त्यानं इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन ही पंचायत एकदा बसवली ती बसवलीच. त्यात बाई नाही, काळा माणूस नाही. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन १८४५ चं, म्हणजे अगदी याच काळातलं. पण ते विद्यार्थ्याच्या हाती पडेल अशा रूपात १९६० साली हार्वर्डनं पुन्हा छापलं.

मेलव्हिलचीच कथा घ्या. न्यूयॉर्कच्या जकात खात्यात एकोणीस वर्षं निरीक्षकाची नोकरी करून तो १८९१ मध्ये वारला, तेव्हा ‘मोबी डिक’ लोकांच्या विस्मरणात गेली होती. त्याच्या हयातीत जेमतेम तीन-साडेतीन हजार प्रती खपल्या. १९२१ साली रेमंड वीव्हरनं त्याचं चरित्र लिहिलं आणि मग ही कादंबरी पुन्हा वर आली. हिला कादंबरी म्हणणं ही आपली सोय. ‘व्हेल’ या शब्दाची व्युत्पत्ती आणि पानंच्या पानं अवतरणं, अशी सुरुवात. मग एक अख्खं प्रवचन, नाविकांच्या चर्चमधलं. बत्तिसाव्या प्रकरणात देवमाशांचं वर्गीकरण, आणि तेही छापखान्यातल्या पुस्तकांच्या आकारांवरून: हा मोठ्या पानाचा मासा, हा मधल्या, हा लहान. पुढची काही प्रकरणं सरळ नाटकासारखी, कंसात रंगसूचना देऊन. १८५१ च्या ऑक्टोबरात लंडनची आवृत्ती निघाली, तिच्यात उपसंहारच गळाला होता. जहाज बुडालं, सगळे मेले, तर मग हे सांगतोय कोण, असं म्हणत इंग्रज परीक्षकांनी मेलव्हिलला झोडपलं. कथा सांगणारा इश्माएल शवपेटीला धरून तरला, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

अमेरिकन विद्यापीठांत हा अभ्यास साधारण दोन सत्रांत होतो. यादवी युद्ध आणि १८६५ साल हे मधलं कुंपण. दोन्हीकडे थोडी कविता, थोडी कथा, एखादी कादंबरी, एखादं नाटक, थोडं वैचारिक गद्य. हातात ‘नॉर्टन अँथॉलॉजी’, पहिली आवृत्ती १९७९ ची. कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा बेंजामिन फ्रॅंकलिन पुढच्या पानावरच्या कवितेत डोकावतो. १९९० मध्ये पॉल लॉटर आणि मंडळींनी ‘हीथ अँथॉलॉजी’ काढली आणि स्त्रिया, गुलाम, मूळ रहिवासी, स्थलांतरित यांना भरपूर जागा दिली. तेव्हा झालेल्या वादावादीत किती पानं कुणाची, याचे हिशेब मांडले गेले. ते हिशेब गरजेचेच होते. पण आत येताना ही माणसं काय घेऊन आली? पत्रं, दैनंदिन्या, आत्मकथनं, भाषणं, चळवळीतली पत्रकं. साहित्यप्रकारांच्या ठरीव कप्प्यांत न मावणारं लेखनच त्यांच्याबरोबर आत आलं.

एमिली डिकिन्सन तर कप्प्यात बसणाऱ्यांतली होती असं आपण समजतो. कविताच तर लिहायची. १८८६ साली ॲमहर्स्टमध्ये ती गेली आणि धाकट्या बहिणीला, लव्हिनियाला, खोलीत हातानं शिवलेल्या चाळीसएक वह्या सापडल्या. कागदाचे ताव दुमडून एकावर एक ठेवलेले, कडेला दोन भोकं पाडून दोऱ्यानं बांधलेले. सुट्या कागदांसकट जवळपास अठराशे कविता. हयातीत छापून आल्या त्या दहाच्या घरात. १८९० साली मेबल लूमिस टॉड आणि थॉमस हिगिन्सन यांनी पहिली निवड काढली. कवितांना मथळे दिले, यमकं नीट केली आणि तिच्या त्या आडव्या रेघांच्या जागी स्वल्पविराम घातले. १९५५ मध्ये थॉमस जॉन्सननं रेघा परत आणल्या. १९८१ मध्ये राल्फ फ्रॅंकलिननं वह्यांच्या हुबेहूब प्रतिमाच छापल्या, तेव्हा दिसलं की ती शब्दाच्या डोक्यावर बारीकशी फुली मारते आणि पानाच्या तळाशी दोन-तीन पर्यायी शब्द देऊन मोकळी होते. निवड करतच नाही. शेवटच्या वर्षांत तर ती फाडून उलगडलेल्या पाकिटांवर लिहायची. पाकिटाची जीभ तिरपी असेल तर ओळही तिरपी, कागद निमुळता झाला की शब्द लहान. पत्रांतूनही ती कविता पाठवी आणि पुष्कळदा पत्र कुठे संपलं नि कविता कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. छापील पुस्तकातली नेटकी चौकडी पाठ करून परीक्षेला बसलेल्या मुलाला यातलं काही दिसत नाही. दोष मुलाचा नाही.

या लेखासाठी मी इंग्रजी शिकवणाऱ्या काही जणांशी बोललो आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एम. ए.च्या वर्गात दोन तास मागच्या बाकावर बसलो. वर्गात पंधरा-सोळा जण, मुली जास्त. त्या दिवशी सूझन ग्लास्पेलची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका होती. मॅडमनी तीन कागदांच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. एकावर बातमीचा गोषवारा, एकावर एकांकिकेतलं एक पान, एकावर कथेतलं.

मूळ हकीकत अशी. १९०० सालच्या डिसेंबरात आयोवा राज्यातल्या इंडियानोला गावाजवळ जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री झोपेत कुऱ्हाडीनं खून झाला. बायको मार्गारेट शेजारीच झोपली होती. आपल्याला काही कळलं नाही असं तिनं सांगितलं. तिला अटक झाली. ‘डे मॉइन डेली न्यूज’साठी या प्रकरणावर लिहिणारी चोवीस-पंचविशीतली बातमीदार म्हणजे ग्लास्पेल. तिनं सव्वीस बातम्या पाठवल्या. सुरुवातीच्या बातम्यांत आरोपी बाई थंड, धिप्पाड, भीती वाटावी अशी आहे. एकदा ग्लास्पेल त्या घराच्या स्वयंपाकघरात जाऊन आली आणि पुढच्या बातम्यांतली बाई हळूहळू थकलेली, वयस्क, कुणाची तरी आई दिसू लागली. १९०१ मध्ये मार्गारेटला जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला; दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि ती घरी गेली. ग्लास्पेलनं नोकरी सोडली.

पंधरा वर्षांनी, १९१६ साली, प्रॉव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरच्या जुन्या गोदामात हौशी मंडळींनी थाटलेल्या रंगमंचासाठी तिला एकांकिका हवी होती, तेव्हा ते स्वयंपाकघर आठवलं. ‘ट्रायफल्स’मध्ये आरोपी बाई रंगमंचावर येतच नाही. पुरुष मंडळी खुनाचं कारण शोधायला माडीवर नि गोठ्यात जातात, आणि तिचे कपडे न्यायला आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. त्यांना सगळं तिथंच सापडतं: फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, गोधडीच्या तुकड्यात एका जागी अचानक वेडेवाकडे पडलेले टाके आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेला, मान पिरगळलेला पिवळा पक्षी. त्या दोघी टाके उसवून नीट घालतात, पक्षी लपवतात. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तिनं यावरच कथा लिहिली, ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’. आयोवात तेव्हा बायकांना ज्यूरीत बसता येत नव्हतं, म्हणून हे नाव.

मॅडमनी विचारलं, तिन्हींत फरक काय? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग पुढच्या बाकावरून नेहमीचा प्रश्न आला, “मॅडम, हे परीक्षेला येईल का?” मॅडम म्हणाल्या, “नाही येणार. सांगा आता.” वर्ग हसला आणि सैलावला.

एक मुलगी म्हणाली, बातमीत टाके नाहीत. मॅडम म्हणाल्या, “का नाहीत?” “कारण पोलिसांना ते पुरावा वाटले नसणार.” खरं तर ते टाके ग्लास्पेलनं नंतर कल्पनेनं आणले आहेत, पण उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. दुसरीनं कथेच्या पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे त्या दोघींतली मिसेस हेल भाकरीचं नव्हे पण पावाचं पीठ चाळता चाळता उठून आली आहे. अर्धं चाळलेलं, अर्धं तसंच. “हे नाटकात दाखवता येणार नाही मॅडम, कारण ते तिच्या घरी आहे. आणि हिच्याही घरी अर्धवट कामं पडलीत, म्हणून हिला ती कळते.” कोपऱ्यातला एक मुलगा, बहुधा वर्गातल्या मुलांत अधिक वाचणारा, म्हणाला की नाटकात आपण त्या दोघींकडे पाहतो आणि कथेत एकीच्या डोक्यात बसतो, म्हणून कथेत पक्षी लपवताना आपणही गुन्ह्यात सामील होतो. मी वहीत लिहून घेतलं. साहित्यप्रकार म्हणजे काय, यावर याहून नेमकं मी गेल्या काही वर्षांत वाचलेलं नाही.

एरवी आपल्याकडे प्रकार म्हणजे प्रश्नपत्रिकेतली विभागणी. नेट परीक्षेच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात तर पहिली चार एककंच अशी आहेत: नाटक, कविता, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य. विद्यार्थी त्यानुसार वह्या करतो. विद्यापीठाच्या पेपरात एक कादंबरी, एक नाटक, दहा कविता असा बेत ठरलेला, आणि वेळ अपुरा पडला की पहिली कुऱ्हाड निबंध-आत्मकथनावर. दुसरी नाटकावर, कारण ते म्हणे मुलं स्वतः वाचतील. नाटक वाचून कळतं या समजुतीचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, त्यातही महाराष्ट्रात. टेनेसी विल्यम्सचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ म्हणून मराठीत आणलं. ते मूळ नाटकाशेजारी ठेवून एखादा प्रवेश मोठ्यानं वाचला, तर नायिका ब्लॅंचच्या बोलण्यातला खोटा डौल कुठल्या वर्गातल्या, कुठल्या घरातल्या बाईचा आहे, ते गाईडमधल्या चार पानांपेक्षा लवकर उमजेल.

हा विषय आपल्याकडे आला कसा, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. साठच्या दशकात ज्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकन गहू आपल्या रेशनच्या दुकानात आला, त्याचे पैसे रुपयांत साठत गेले. त्या रुपयांच्या जोरावर अमेरिकन पाठ्यपुस्तकं इथे स्वस्तात निघाली. दिल्लीच्या युरेशिया पब्लिशिंग हाउसचे दोन संग्रह, एकोणिसाव्या शतकाचा फिशर आणि सहकाऱ्यांचा आणि १८९० ते १९६५ चा ऑलिव्हरचा, अजूनही जुन्या महाविद्यालयांच्या कपाटात भेटतात. पहिल्याच्या संपादकांत हिंदी कादंबरीकार कृष्ण बलदेव वैद होते. १९६४ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभं राहिलं. नांदेडच्या प्राध्यापकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. सुट्टीत तिथं जाऊन राहायचं नि टिपणं काढून आणायची, असा अनेकांच्या पीएच.डी.चा रिवाज. आणि याच कायद्याच्या रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली, त्यांत मराठीही. शिकागोच्या ग्रंथालयात मराठी कवितासंग्रह पाहून आपण भारावतो, त्यामागे गव्हाचा हिशेब आहे.

पण मराठीचा या साहित्याशी खरा संबंध गव्हाच्या फार आधीचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं: मी निग्रो प्रश्नाचा अभ्यासक आहे, तुमचं लेखन वाचलेलं आहे, संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मिळेल का. डू बॉइसचं उत्तर आलं, ३१ जुलैच्या तारखेचं. त्या डू बॉइसचं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे १९०३ चं पुस्तक मी कुठल्याही अभ्यासक्रमात सक्तीचं करीन. चौदा प्रकरणं. त्यांत समाजशास्त्र आहे, शेतमजुरांच्या कर्जाचे हिशेब आहेत, पोटच्या मुलाच्या मृत्यूवरचा विलाप आहे, एक कथा आहे. बहुतेक प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कुणा कवीच्या ओळी आणि त्यांच्याखाली गुलामांच्या शोकगीताचं स्वरलेखन, शब्दांवाचून, नुसत्या पाच रेघा नि सूर. ज्याला ते सूर ठाऊक, त्यालाच गाणं ओळखू येणार.

पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून मिलिंद महाविद्यालयात आले आणि निग्रो साहित्याचे दाखले औरंगाबादच्या नागसेनवनात तरुणांच्या कानी पडू लागले. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी या साहित्यावर मराठीतून लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पॅंथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पॅंथरचं नाव घेऊन. ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ चं. त्यानंतर आलेल्या आत्मकथनांबद्दल आपल्याकडे काय बोललं गेलं ते आठवा: हे साहित्य की समाजशास्त्रीय दस्तऐवज? लेखकाचं दुसरं पुस्तक येऊ दे, मग बघू. हे लेखक भाग्यवानच म्हणायचे, निदान यांच्या लेखकपणावर कोणी शंका घेतली नाही.

हॅरिएट जेकब्जवर घेतली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडेंटन गावी मालकाच्या जाचातून सुटायला ती आजीच्या घराच्या पोटमाळ्यावर लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी तीन फूट. उभं राहता येत नाही, कूस वळताना डोकं छपराला लागतं, उंदीर अंगावरून जातात. तिथे तिनं जवळपास सात वर्षं काढली. हाताला एक गिरमिट लागलं, त्यानं फळीला इंचभर भोक पाडलं आणि त्यातून रस्त्यावर खेळणारी आपली मुलं पाहिली. आई इथे वर आहे हे मुलांना माहीत नव्हतं. हे सगळं तिनं १८६१ साली टोपणनावानं छापलं, लिडिया मरिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेच्या संपादनाखाली. शंभरावर वर्षं बहुतेक अभ्यासक धरून चालले होते की हे चाइल्डनंच रचलेलं असणार. रचना फारच कादंबरीसारखी आहे, म्हणे. जीन फेगन येलिन यांनी १९८० च्या दशकात जेकब्जची पत्रं चाळून, हस्ताक्षर नि तपशील जुळवून तिचं पुस्तक तिला परत मिळवून दिलं. हार्वर्डची आवृत्ती १९८७ ची.

त्याच वर्षी टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ आली. तिचं बीजही एका कात्रणात. १८५६ साली पळून आलेल्या मार्गारेट गार्नरनं पकडणारे दाराशी येताच गुलामीत परत जाऊ नये म्हणून आपल्या लेकीला मारलं. त्याची बातमी मॉरिसनला १९७४ च्या ‘द ब्लॅक बुक’चं काम करताना सापडली होती. २००५ मध्ये तिनंच या घटनेवर ऑपेराची संहिता लिहिली. कादंबरीत मेलेली मुलगी घरी येते आणि आईला भंडावते. ऑपेरात भूत नाही, खटला आहे. ऑपेरा आपल्या विद्यार्थ्याला परका, पण संहिता वाचता येते, आणि हा फरक का पडला हा प्रश्न ‘बिलव्हेडमधील जादुई वास्तववाद स्पष्ट करा’ याहून शंभरपट कामाचा आहे.

तालुक्याच्या गावच्या त्या मॅडमनी पुढच्या सत्राच्या अंतर्गत मूल्यमापनाचं ठरवून टाकलं आहे. प्रत्येकानं जिल्ह्याच्या पानावरची एक छोटी बातमी निवडायची, तिचा एक प्रवेश करायचा, एक कथा करायची आणि दोन्हींत काय सुटलं ते पानभर लिहायचं. बातमी इंग्रजी असायची गरज नाही. गुण कसे देणार, असं मुलांनी विचारलंच. एका सहकाऱ्यानं अभ्यास मंडळाची परवानगी लागेल म्हणून सांगितलं. मॅडमनी नियम काढून पाहिला. अंतर्गत गुण विभागाच्या अखत्यारीत येतात, परवानगी लागत नाही. जून उजाडेपर्यंत त्या स्वतः एक बातमी घेऊन करून बघणार आहेत. कुठली ते सांगायला तयार नव्हत्या.